कर्व्हची चाहूल

गरम टॉवेल तोंडावर होता म्हणून ते वाक्य एमिल व्रोबेलच्या कानावर पडलं. चेहरा उघडा असता तर दुकानात कुणी तसं बोललं नसतं. सोमवार होता, त्याच्या बेसबॉल संघाला सुट्टी होती, आणि सांतोच्या सलूनमध्ये दोनच गिऱ्हाइकं होती. पलीकडच्या खुर्चीतल्या माणसाचे केस सांतोचा मेहुणा कापत होता आणि तो माणूस क्लीव्हलंडमधला प्रत्येक माणूस जुलै महिन्यात जे बोलतो तेच बोलत होता. "व्रोबेलचं काय घेऊन बसलात. त्याचा कर्व्ह येणार हे आमच्या बायकोला टीव्हीवर कळतं. बटाटे सोलता सोलता सांगते, आता वाकडा येणार बघ. आणि येतो." सांतो जोरात खाकरला. "का रे, काय झालं?" त्या माणसानं विचारलं. "काही नाही, पावडर गेली नाकात," सांतो म्हणाला. उठून त्या माणसाची गचांडी धरावी असं टॉवेलखाली एमिलला वाटलं नाही. बाईंना नेमकं काय दिसतं, एवढंच त्याला विचारायचं होतं. पण त्यासाठी टॉवेल काढावा लागला असता, आणि तेवढा धीर होईना. टॉवेल गार झाला, नुसता ओला फडका उरला, तरी तो तसाच पडून राहिला. पैसे दिल्याचा, दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा त्यानं डोळे उघडले. "कोण होता?" "कोण जाणे. नवीन असेल कुणी," सांतो म्हणाला आणि वस्तऱ्याला धार लावायला वळला. सगळी हयात या गल्लीतली डोकी हाताळण्यात गेली, आणि सांतोला एक डोकं ओळखता येऊ नये.

घर जवळच होतं, पण तो तळ्याच्या बाजूनं लांबच्या वाटेनं निघाला. मागचे तिन्ही सामने त्याच्या हातून गेले होते. नुसते गेले असते तर समजलं असतं. पिचर, चेंडू टाकणारा, म्हटला की मार खातोच. पण या वेळी समोरचे फलंदाज ज्या पद्धतीनं उभे राहत होते तेच त्याला खटकत होतं. ते घाईत नव्हते. बसथांब्यावर ओळखीच्या बसची वाट बघत उभं राहावं तसे ते उभे असत, आणि चेंडू आला की चढून बसावं तसा मारत. त्यांना आधी कळतंय, हे त्याला तेव्हाच वाटलं होतं. आज टॉवेलखाली त्याची खात्री झाली आणि, आश्चर्य म्हणजे, त्याला जरा बरंही वाटलं. चुगली होत असेल तर ती शोधता येते. पिचरचं अंग कधी ना कधी चुगली करतंच. कॅरोलायनात खालच्या संघात असताना त्यानं पाहिलं होतं, मॅटली नावाचा एक म्हातारा पिचर फास्टबॉल टाकण्याआधी दातांत जीभ धरायचा. त्याला ते ठाऊक नव्हतं; सबंध लीगला ठाऊक होतं. एका उन्हाळ्यात त्याला सगळ्यांनी मिळून झोडपून घरी पाठवला, आणि जाईपर्यंत बिचाऱ्याला कुणी जीभ आत घे म्हणून सांगितलं नाही. समोरचा संघ कशाला सांगेल. पण त्याच्या स्वतःच्या संघातल्या लोकांनी तरी? हा प्रश्न एमिलला तेव्हा, विशीत, पडला नव्हता. आता सदतिसाव्या वर्षी, तळ्यावरून येणारा सडक्या माशांचा वास घेत चालताना, तो पहिल्यांदा पडला.

त्याचा बाप पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होता आणि सबंध जगावर त्याचा संशय होता. मुकादम घड्याळ मागे करतो, खाटीक तराजूला अंगठा लावतो, पाद्री कबुलीजबाब बायकोला सांगतो. ज्या पाद्र्याला बायकोच नव्हती त्याच्याबद्दलही बाप हे म्हणायचा. तोच बाप मागच्या अंगणात गादी उभी करून एमिलला चेंडू टाकायला लावी आणि स्वतः गादीशेजारी उकिडवा बसून ओरडे, "दिसला. मला तुझा हात दिसला. हातात काय आहे ते कुणाला दिसता कामा नये, आईलासुद्धा." चेंडू टोपीत लपवायचा, मांडीमागे लपवायचा, अगदी शेवटच्या क्षणी कानामागून काढायचा. असा तो पिचर झाला. चेंडू लपवणं हाच ज्याचा धंदा, त्याला लोक आपल्यापासून काहीतरी लपवताहेत असं वाटलं तर त्यात नवल ते काय. लोरेटाशी लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यातच ती म्हणाली होती, "तू पगार असा खिशात ठेवतोस की जणू मी दुसऱ्या संघातली आहे." तेव्हा दोघंही खूप हसले होते.

घरी आला तेव्हा लोरेटा कोबीच्या पानांत खिमा भरून गुंडाळत होती. त्यानं टोपी काढली नाही. "तुला कळतं का गं, मी कर्व्ह टाकणार ते?" तिनं एक पान गुंडाळलं, भांड्यात ठेवलं, दुसरं उचललं. आणि मग म्हणाली, "मला कसं कळणार?" मधली दोन पानं त्याच्या लक्षात राहिली. ज्याला कळत नाही तो लगेच सांगतो. "टीव्हीवर लोकांना कळतं म्हणे. बटाटे सोलणाऱ्या बायकांना." "मग त्या बायकांना विचार," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, त्याच्याकडे न बघता, "मला एवढंच कळतं की तू हल्ली उजव्या कुशीवर झोपत नाहीस. आणि भांग डाव्या हातानं पाडतोस." "त्याचा इथे काय संबंध?" "मी कुठे म्हटलं संबंध आहे." बायका अशाच विषय बदलतात, त्याला वाटलं. तिला कुणीतरी काही सांगितलं असणार. खेळाडूंच्या बायका एकत्र बसतात, आणि टोबी गार्नेटची बायको तर तिची जीवश्चकंठश्च. टोबीचं नाव मनात येताच पाल चुकचुकली, आणि मग ती काही गप्प बसेना.

टोबी चार वर्षं बाकावर त्याच्या शेजारी बसत होता. चांगला फलंदाज, पण संघात त्याला रोज जागा नव्हती, म्हणून बसून बसून बघायचा. सूर्यफुलाच्या बिया चावत, टरफलं थुंकत, एमिल टाकत असला की त्याच्यावरून नजर हलवायचा नाही. लोरेटाच्या हातचं खाऊन गेला होता, ख्रिसमसला त्यांच्याच सोफ्यावर झोपला होता. मे महिन्यात संघानं त्याला डेट्रॉइटला देऊन टाकलं. सकाळी मॅनेजरनं बोलावलं, दुपारी टोबी पिशव्या भरत होता. अशा माणसाला नव्या संघात पहिल्याच दिवशी खुर्चीत बसवतात, कॉफी देतात आणि विचारतात, बोल, तिकडच्यांचं काय काय ठाऊक आहे. सगळेच सांगतात. त्यात बेइमानी कुणी मानत नाही. नव्या घरात जाताना हातात काहीतरी न्यावं लागतं. एमिलनंही एकदा नेलं होतं. पण टोबीनं आपल्याला नेलं, सोफ्यावर झोपलेल्या माणसानं आपल्याला सोलून तिकडच्यांच्या ताटात वाढलं, या विचारानं त्याला त्या रात्री झोप लागेना. उजव्या कुशीवर वळला, आणि परत डाव्या कुशीवर आला.

मग आठवडाभर त्यानं डोळ्यांत तेल घालून स्वतःवर पाळत ठेवली. कपाटाच्या आरशासमोर गंजिफ्रॉकवर, डाव्या हातात चामड्याचा ग्लोव्ह घालून उभा राहायचा आणि चेंडू न सोडता हात फिरवायचा. फास्ट. कर्व्ह. चेंज, म्हणजे फास्टचा आव आणून सोडलेला हळू चेंडू. जीभ आत. भुवई जागेवर. आरशातला माणूस त्याला ताकास तूर लागू देईना. लोरेटा खोलीत आली, त्याच्याकडे पाहिलं, खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि निघून गेली. मैदानावर तर वेगळंच चालू होतं. खालच्या संघातून एक डावखुरा पिचर बोलावून घेतला होता आणि तो का आला हे कुणी बोलत नव्हतं. बसमध्ये एमिलशेजारची जागा रिकामी राहायला लागली. कपडे बदलण्याच्या खोलीत तो शिरला की रेडिओ तेवढा ऐकू येई. मॅनेजर स्ट्रँड, ज्याला सगळे स्किप म्हणतात, बुधवारी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रविवारी टाक तू. मग बसून बोलू." त्यानं हात ठेवला तो उजव्या खांद्यावर, आणि ठेवला तसा लगेच उचलला. बसून बोलू, याचा अर्थ त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बसून बोललेला माणूस दुसऱ्या दिवशी दिसत नाही. म्हणजे रविवार. रविवारच्या आत चुगली सापडली पाहिजे, बंद झाली पाहिजे, नाहीतर चौदा वर्षं खेळलेला एमिल व्रोबेल एका पिशवीत मावेल.

आणि अर्लिस. अर्लिस बूनवर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःच्या हातावरच घेण्यासारखं, पण एकदा घ्यायला लागलं की हात कशाला सोडायचा. अर्लिस नऊ वर्षं त्याचा कॅचर होता. केंटकीचा, बोलणं संथ, गुडघे निकामी झालेले, फलंदाजाच्या पाठीमागे उकिडवा बसून बोटांनी सांगायचा काय टाक: एक म्हणजे फास्ट, दोन म्हणजे कर्व्ह, तीन म्हणजे चेंज. अर्लिस हल्ली एक बोट फारसं दाखवत नव्हता. दोन, तीन, दोन, दोन. का? फलंदाजांना कर्व्हची चाहूल लागते हे ठाऊक असलेला माणूस पुन्हा पुन्हा कर्व्हच का मागेल? शुक्रवारी डेट्रॉइटचा संघ आला. सरावाच्या जाळीमागे एमिलला अर्लिस आणि टोबी दिसले. टोबी बिया चावत काहीतरी सांगत होता, अर्लिस कमरेवर हात ठेवून हसत होता. मग टोबीला एमिल दिसला. त्याचं हसू उतरलं, त्यानं हात वर केला. हात जरा उशिरा वर आला. एमिल उलट वळून आत गेला आणि नळाखाली डोकं धरून उभा राहिला.

शनिवारी सकाळी त्यानं अर्लिसला पॅनकेकच्या दुकानात गाठलं. अर्लिसनं समोर बस म्हणून काटा हलवला. एमिल बसला, पण काही मागवलं नाही. "तुला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय?"

"नऊ वर्षं समोर बसतोस. माझ्या नाकातले केस तुला ठाऊक आहेत. मी काय दाखवतो ते तुला माहीत आहे आणि तू बोलत नाहीस. टोबीशी मात्र हसत होतास."

"टोबी सांगत होता, त्याच्या घरमालकिणीनं पाळलेली बकरी जिना चढून वर येते."

"बकरी."

"हो रे बाबा, बकरी. तुला काय वाटलं?" अर्लिस चावत राहिला. मग त्यानं काटा खाली ठेवला. "खरंच हवंय तुला?"

"मी इथे पॅनकेक खायला आलेलो नाही."

"काल रात्री मी मागच्या सामन्याची फिल्म बघितली. दोनदा. तू आठवडाभर भुतासारखा फिरतोयस म्हणून बघितली. ग्लोव्ह उघडतो तुझा. कर्व्हची पकड घेताना आत मनगट फिरवतोस ना, तेव्हा ग्लोव्ह पंख्यासारखा पसरतो. फास्टला मिटलेला असतो."

एमिलच्या छातीवरून कुणीतरी पाटा उचलला. ग्लोव्ह. इतकी वर्षं दोन हातांमधला उजवाच तो लपवत आला, आणि बोलत होता डावा. पण लगेच दुसरा संशय आलाच. "नऊ वर्षांत तुला हे कधी दिसलं नाही?"

"मी ग्लोव्हकडे कशाला बघू? कर्व्ह मीच मागितलेला असतो. काय येणार ते मला आधीच माहीत असतं. सगळ्या मैदानात मी एकटाच असा, की ज्याला तू चकवू शकत नाहीस." अर्लिसनं पॅनकेकवरच्या पाकाची बाटली पुढे केली. "खा काहीतरी. ग्लोव्ह पोटाशी धर उद्या, मिटून. झालं."

उत्तर बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की घरी जाताना एमिलला वाटलं, हे त्यानं आधीच तयार करून ठेवलं असेल.

रविवारी दुपारी ऊन असं होतं की डोळ्यांपुढे माउंड, पिचर उभा राहतो तो मातीचा उंचवटा, हलत होतं. त्यानं ग्लोव्ह पोटाशी दाबून धरला आणि पहिले तीन फलंदाज परत पाठवले. पुढचे तीन. अर्लिस दोन दाखवायचा, तीन दाखवायचा, तो टाकायचा. एक चेंडू उजवीकडच्या भिंतीपर्यंत सणसणत गेला, पण तिथे बरोबर माणूस उभा होता. असे दोनतीन गेले, आणि दरवेळी तिथे माणूस होता. खांद्यात आत कुठेतरी ओलं फडकं पिळल्यासारखं होत होतं, ते त्यानं मनावर घेतलं नाही. नऊपैकी चौथी इनिंग संपली आणि तो बाकावर बसला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दोन्ही बाजूंना जागा रिकामी झाली आहे. पाचवीनंतर ती आणखी वाढली. समोरच्यांना अजून एकही हिट, म्हणजे चेंडू मारून पहिल्या टप्प्यावर, बेसवर, पोचणं, मिळाली नव्हती; असाच सामना संपला तर तो नो-हिटर, पिचरचा सगळ्यांत मोठा मान. अशा वेळी पिचरशी कुणी बोलत नाही, त्याच्याजवळ कुणी बसत नाही, धावफलकाकडे बघतसुद्धा नाही. बोललं की मोडतं, हे बाप मुलाला चालायच्या आधी शिकवतो. पाण्याचा पेला कुणीतरी त्याच्यापासून हातभर अंतरावर ठेवला आणि पळून गेल्यासारखं गेलं. एमिलनं भिंतीला डोकं टेकलं. आठवडाभर हीच माणसं त्याच्याशी बोलत नव्हती आणि आजही बोलत नव्हती. रिकामं बाक तेच, मिटलेली तोंडंही तीच. पण आजची शांतता त्याची होती, त्यानं कमावलेली. जाणाऱ्या माणसालाही ते असंच वाळीत टाकतात, हे त्याच्या मनात आलं, आणि दोन्हींत फरक कसा ओळखायचा हेही आलं. ते विचार त्यानं झटकले. स्किप बाकाच्या टोकाला बसून नखं खात होता. उद्या बसून बोलायचं नाव काढणार नाही तो.

सातव्या इनिंगमध्ये दोन फलंदाज गेले आणि टोबी गार्नेट आला. सावली आता स्टँडवरून उतरून फलंदाजापर्यंत पोचली होती. एमिल उन्हात होता आणि टोबी, अर्लिस, दोघंही काळोखात. टोबीनं बॅट दोनदा फिरवली आणि उभा राहिला, तसाच, बसची वाट बघत. एमिलच्या मनात ते तिथे आलं की आधीच ठरलं होतं, ते त्याला सांगता आलं नसतं. खात्री करून घ्यायची. अर्लिसचं खरं की बनवलेलं. टोबीनं विकलं की नाही. ग्लोव्ह उघडायचा, मुद्दाम, पार पंखा करायचा, आणि त्यातून फास्ट काढायचा. विकलं असेल तर टोबी कर्व्हसाठी थांबेल, आणि फास्ट त्याच्या बरगड्यांसमोरून निघून जाईल, आणि त्याचं तोंड बघण्यासारखं होईल. त्या तोंडासाठी एमिलनं नो-हिटरही देऊन टाकला असता. अर्लिसनं दोन बोटं दाखवली. एमिलनं नकाराची मान हलवली. अर्लिस थांबला, पुन्हा दोन दाखवली, या वेळी हात जरा झटकून. एमिलनं पुन्हा मान हलवली. नऊ वर्षांत त्यानं अर्लिसला लागोपाठ दोनदा नाही म्हटलं नव्हतं. अर्लिस क्षणभर तसाच उकिडवा राहिला, मग मांड्यांमध्ये एकच बोट खाली आलं.

एमिलनं हात वर नेले. ग्लोव्ह उघडला, इतका की बापानं गादीशेजारून शिवी हासडली असती. टोबी त्याच्याकडे बघत होता. ग्लोव्हकडे नाही, हे एमिलला स्वच्छ दिसलं. फलंदाज नेहमी पिचरच्या टोपीकडे बघतात तसाच टोबी टोपीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कसलंच गुपित नव्हतं. तोवर हात निघाला होता. एमिलनं खांद्यात होतं नव्हतं ते सगळं त्या चेंडूत घातलं, दात आवळून, कमरेपासून. चेंडू बोटांतून सुटला तेव्हा त्याला वाटलं, गेला. टोबीचा पाय उचलला, खाली आला, मग तो थांबला. थांबायला त्याला वेळ होता. थोडं आणखी थांबला, आणि मग मारला. डावीकडचा खेळाडू दोन पावलं धावला आणि उभा राहून भिंतीपलीकडे बघत राहिला. टोबी मान खाली घालून धावत सुटला, तिसऱ्या टप्प्यावरून वळतानाही त्यानं माउंडकडे पाहिलं नाही. तो शरमला होता. विकणारा माणूस शरमत नाही, एवढं एमिलला त्याही वेळी कळलं.

मग सगळे बोलायला लागले. दुपारभर मूग गिळून बसलेली माणसं एकदम चारी बाजूंनी माउंडवर आली. "होतं रे असं." "सहा इनिंग भारी टाकलास, एमिल." "अजून आपण एका धावेनं पुढे आहोत." पहिल्या टप्प्यावरचा खेळाडू, जो आठवडाभर त्याच्या बाजूला बसला नव्हता, त्यानं पाठीवर थोपटलं आणि हात तिथेच राहू दिला. कुणी चिडलेलं नव्हतं. एमिल एकेकाचं तोंड बघत होता, कुठे काही लपवलंय का म्हणून, आणि कुणीच काही लपवत नव्हतं. इतकी प्रेमळ तोंडं त्यानं फक्त मयताच्या घरी पाहिली होती. बाकाच्या पायरीवर स्किप उभा होता. टोपी सारखी करून तो सावकाश बाहेर निघाला.

अर्लिस सगळ्यांत शेवटी पोचला, गुडघे ओढत. मुखवटा डोक्यावर सरकवलेला, चेहरा घामानं चिकटलेला. त्यानं बाकीच्यांना कोपरानं बाजूला सारलं. "एमिल, काय केलंस?" तो रागावला नव्हता, खरोखर गोंधळला होता. "मी एक दाखवलं होतं. तूच दोनदा मान हलवून मागून घेतलंस. मग चेंज कशाला टाकलास?"

एमिलला आधी प्रश्नच कळला नाही. मग तो सावकाश आत उतरला. अर्लिस काही बनवत नव्हता. ज्याला काय येणार ते आधीच ठाऊक असतं, त्या एकट्या माणसानं हातात चेंडू येण्याची वाट बघितली होती आणि चेंडू वेळेवर आला नव्हता. तो फास्ट होता. एमिलकडे होता तेवढा सगळा फास्ट तोच होता. ग्लोव्ह उघडा असो की मिटलेला, कुणी विकलेलं असो वा नसो, कुणाला काही चोरायची गरजच राहिली नव्हती. त्याला एकदम मोठ्यानं सांगावंसं वाटलं, अरे तो फास्ट होता, आणि अर्लिसच्या छातीवर डोकं टेकावंसं वाटलं. चौघं जण बघत होते. स्किप रेघ ओलांडून माउंडकडे येत होता.

"तीन बोटं दिसली मला," एमिल म्हणाला. "सावलीत. तीनच दिसली."

अर्लिसनं खाली पाहिलं. आपला उजवा हात त्यानं समोर धरला, एक बोट ताठ केलं, मिटलं, पुन्हा ताठ केलं आणि त्या बोटाकडे बघत राहिला. नऊ वर्षांत त्यानं चुकीचं बोट दाखवलं नव्हतं. "मी तर एकच..." तो पुटपुटला आणि थांबला. त्याच्या कपाळावर आठी पडली. ती आठी एमिलच्या चांगल्या ओळखीची होती. आठवडाभर त्यानं ती कपाटाच्या आरशात पाहिली होती. स्किप येऊन पोचला. "काय झालं?" त्यानं विचारलं.

"माझं चुकलं, स्किप," अर्लिस म्हणाला. "सावली होती. बोटं नीट दाखवायला हवी होती मी."

स्किपनं अर्लिसकडे पाहिलं, मग एमिलकडे.

"असू दे," एमिल अर्लिसला म्हणाला. "होतं कधीकधी."